पुरुषभर उंची

१

सोमवारी सकाळी रघुवीरने देवचंद बिल्डिंगची मापं आकांक्षाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा तिने आधी त्याच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर पाहिली आणि मग मापं. तिच्या लेखी दोन्हींची लायकी सारखीच होती.

“मॅडम, हाईट टॅली होत नाहीये,” तो म्हणाला.

“होत नाहीये, की तुम्हाला करता येत नाहीये?”

रघुवीरने नुसता कागद पुढे सरकवला. तिच्या हाताखाली काम करून तो निदान एवढं तरी शिकला होता.

पाडायला काढलेल्या जुन्या चाळींचं संगणकात हुबेहूब मॉडेल उभं करायचं, हे या ऑफिसचं काम. ऑफिस लोअर परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत. मॉडेल करताना सगळ्यात आधी लेव्हल ओढायच्या. लेव्हल म्हणजे मजल्याची उंची सांगणारी आडवी रेघ. रेघ ओढली की त्या मजल्याचा प्लॅन आपोआप तयार होतो. मजला छातीच्या उंचीवर आडवा कापून वरून पाहावा तसा. सुरुवातीला तो कोरा असतो, मग त्यात भिंती आणि दारं भरायची. नव्या टॉवरचे सगळे मजले एका मापाचे, त्यामुळे ते काम शेंबडं पोरही करेल, असं आकांक्षा चारचौघांत म्हणायची. जुन्या इमारतींत मात्र डोकं लागतं आणि ते या ऑफिसात फक्त आपल्याला आहे, हेही ती चारचौघांतच म्हणायची.

देवचंद बिल्डिंग तर नुसतं ठिगळकाम होतं. मागची बाजू आधी बांधलेली, उंच छतांची. पुढची नंतर चिकटवलेली, बुटकी. दोन्हींमध्ये एकच जिना. त्यामुळे पुढचा दुसरा मजला मागच्या दुसऱ्यापेक्षा खाली आणि तिसऱ्याला तो फरक आणखी मोठा. दोन्ही बाजूंच्या लेव्हल वेगळ्या ठेवायच्या, हे तिनेच रघुवीरला शिकवलं होतं आणि त्याने ते बरोबर केलंही होतं. घोळ वेगळाच होता. मागची भिंत बाहेरून मोजली की जेवढी भरायची, तेवढे आतले मजले तुळयांसकट धरूनही भरत नव्हते.

“कितीचा फरक?”

“एक माणूस उभा राहील एवढा.”

“वा. आता माणसं उभी करून मोजायला लागलो आपण.” आजूबाजूचे हसले. आकांक्षाला त्यांच्या हसण्याचाही राग आला, कारण त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मापांचा कागद तिने पर्समध्ये टाकला. देवचंद बिल्डिंगमध्ये तिचा जन्म झाला होता, हे या ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने घाडीगावकरचं गावकर करून टाकलं होतं आणि लहानपण कुठे गेलं असं कुणी विचारलंच, तर ती ‘दादर’ म्हणून मोकळी व्हायची. लालबाग हा शब्द तिच्या तोंडून निघत नसे.

तिची आई शेवंती अजून तिथेच राहत होती. मागच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर, एकटी, दुखरा गुडघा घेऊन. इमारतीला लोखंडी टेकू लागले होते आणि दारावर धोक्याची पाटी. ठाण्याला आकांक्षाच्या लिफ्टवाल्या घरात आईची खोली कधीची तयार होती. शेवंती एरवी लेकीचा शब्द खाली पडू द्यायची नाही. गोळ्या घे म्हटलं की घ्यायची. थांब म्हटलं की भर उन्हात रस्त्याच्या कडेला थांबून राहायची, गुडघा फारच दुखायला लागला तर चपला काढून फुटपाथवर बसायची, पण जागा सोडायची नाही. घर सोड म्हटलं की मात्र ती बहिरी व्हायची.

२

शनिवारी आकांक्षा स्वतः मोजायला गेली. रघुवीरला नेलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

जिन्यात तोच जुना वास होता, रॉकेलचा आणि तळलेल्या बोंबलाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना जिथे वळतो, तिथे एक चौक होता. चौकाला दार नाही, खिडकी नाही, दोन्ही अंगांना कोऱ्या भिंती. तिथे शेजारचे जयवंतकाका दुधाची पिशवी घेऊन उभे होते. एका पायरीवर पाय टाकून, मान वर करून.

“रखमे, येऊ काय गं?”

“या हो!” वरून काकूंचा आवाज आला आणि मगच काका चढले.

आकांक्षाने कपाळाला हात लावला. तिच्या जन्माआधीपासून हा तमाशा चालू होता. या चौकात यायचं, आपल्या घरच्यांना हाक द्यायची, वरून कुणीतरी ‘ये’ म्हणायचं आणि मग पुढे जायचं. घरी कुणी नसेल तर शेजारी ‘या’ म्हणत. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, “पद्धत आहे.” दहावीनंतर तिने ही पद्धत सोडली होती. अडाणी माणसांना कारणं नसतात, पद्धती असतात, असं ती मैत्रिणींना सांगायची.

आताही ती हाक न देताच चढायला लागली. आणि नेहमीसारखाच वरून आवाज आला, “ये गो, ये!”

शेवंती दारात उभी होती. “तू हाक मारणस नाय, म्हणान मी आदीच ‘ये’ म्हणतंय. तुझ्या चपलेचो आवाज माका कळता.”

“आई, प्लीज. हे काय नाटक आहे?”

“नाटक तर नाटक. चाय घेतंस?”

चहा बाजूला ठेवून आकांक्षाने मोजायला घेतलं. लेझर जमिनीवर ठेवायचा, छतावरचा लाल ठिपका बघायचा, आकडा लिहायचा. खालपासून वरपर्यंत तिने सगळं मोजलं. मग मागच्या बोळात जाऊन बाहेरची भिंत मोजली. पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. आकडे रघुवीरचेच आले. दुसऱ्या मजल्याचं छत आणि तिसऱ्याची जमीन यांच्यात पुरुषभर उंची उरत होती आणि ती उंची कुठे आहे ते दिसत नव्हतं.

चौकात उभं राहून तिने कोऱ्या भिंतीवर बोटं आपटली. भिंत भरीव वाजली. पलीकडून काहीच आलं नाही, तरी आपल्या ठोकण्याला कुणीतरी कान दिलाय असं तिला वाटलं. मग स्वतःचंच हसू आलं. चाळीत पाऊल टाकलं की चाळीची अक्कल चिकटते.

निघताना तिने पुन्हा ठाण्याचा विषय काढला. शेवंती आज बहिरी झाली नाही. तिने लेकीच्या हातातल्या लेझरकडे बघितलं आणि म्हणाली, “तुझ्या त्या कॉम्प्युटरात आमचो जिनो जसो असा तसो दाखव. मगे मी तुझ्यावांगडा येतंय.”

“शब्द?”

“शब्द.”

आकांक्षाला हे काम म्हणजे हातचा मळ वाटला. जाताना तिने ऑफिसला फोन करून भाडेकरूंना मॉडेल दाखवायची मीटिंग येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारची ठरवून टाकली.

३

उरलेली उंची कुठेतरी मांडायला हवी होती. म्हणून तिने दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये एक लेव्हल ओढली आणि तिला नावसुद्धा दिलं नाही. प्लॅन तयार झाला, पांढराफटक. बाहेरच्या भिंती आपोआप खालून वर गेल्या. ती बाकीच्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी त्या प्लॅनमध्ये गोल होते.

लहान-मोठे, भिंतींना लागून. काही एकटे, काही दोन-दोन जवळजवळ. एका कोपऱ्यात एक लांबट चौकोन होता, पेटी वरून दिसावी तसा. गोल वरून बघितलेल्या भांड्यांसारखे दिसत होते. हंडा, कळशी, बादली. या कामात सामान दाखवायचंच नव्हतं.

“रघुवीर, हे काय दुकान मांडलंय?”

“मॅडम, मी हात पण नाही लावला त्या लेव्हलला.”

“मग काय चाळकरी आले रात्री ऑफिसात?”

“फाईलला कुणी हात लावला ते दिसतं ना. फक्त तुम्हीच आहात.”

ते खरंच होतं आणि म्हणून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तिने शोधून काढलं. इमारत स्कॅन केली की धूळ, दोऱ्या, वाळत घातलेले कपडे असला कचराही मशीन पकडतं, त्यातलंच हे काहीतरी. रघुवीर अदबीने म्हणाला की स्कॅन जिन्याचा केला होता, भिंतीच्या आतला नाही. तिने त्याला मुलाच्या शाळेची चौकशी केल्यासारखं हसून विचारलं, त्याचं स्वतःचं काम किती शिल्लक आहे.

गोल तिने पुसले. जेवून आली तेव्हा ते पुन्हा होते, जागच्या जागी. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. सगळे गोल चौकाच्या बाजूला सरकलेले होते. स्टँडवर बस कधी लागते याची वाट बघणारे लोक आपलं सामान जसं मांडतात, तसं ते मांडलेलं होतं.

तिने प्लॅनची खिडकी बंद केली. सॉफ्टवेअरने एक सूचना दिली, ती तिने न वाचता उडवली. रघुवीर प्रत्येक सूचना वाचायचा आणि त्यावरून ती त्याची टिंगल करायची. सूचना घाबरटांसाठी असतात, जाणत्या माणसाने ओके दाबावं आणि पुढे जावं.

४

रविवारी ती लॅपटॉप घेऊन देवचंद बिल्डिंगमध्ये आली. चौकात पोचली तेव्हा वरून ‘ये गो’ आलंच.

शेवंतीने हात पुसले, चष्मा लावला आणि पाटावर बसली. आकांक्षाने मॉडेल फिरवून दाखवलं. पुढची बुटकी बाजू, मागची उंच, मधला जिना, टेकूसुद्धा. शेवंतीचं बोट पडद्याला न लागता पायऱ्या चढत गेलं आणि दुसऱ्या मजल्याच्या वर थांबलं.

“हयसर काय असा?”

“काही नाही गं. जास्तीची हाईट आहे, म्हणून एक लेव्हल टाकलीये. खोटी.”

“माका बघूक होया.”

आकांक्षाने प्लॅन उघडला. शेवंती बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा घाबरल्यासारखा झाला नाही, परक्याच्या घरात चुकून पाऊल पडल्यासारखा झाला. त्या लांबट चौकोनावर तिची नजर खिळली, ओठ हलले, पण कुणाचं नाव बाहेर आलं नाही.

“बरोबर दाखवलंस,” ती शेवटी म्हणाली. “आमची चाळ अशीच असा. मी येतंय तुझ्यावांगडा.”

आकांक्षा बघतच राहिली. इतकी वर्षं जे जमलं नाही, ते एका प्लॅनने जमलं होतं. तिला आनंद झाला, खरा आनंद, आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटली.

“पण ह्या पुसू नको,” शेवंती म्हणाली. “ह्या असाच रवांदे.”

“का?”

“तेंका जागा नको?”

“कुणाला, आई?”

शेवंती उठली. तिने ओट्यावरचा ॲल्युमिनियमचा गोल डबा उचलला. तो तिथे इतकी वर्षं ठेवलेला असायचा की त्याच्या बुडाचा गोल डाग कडप्प्यावर पडला होता. “दळण घेवन येतंय. तांदळाच्या भाकऱ्या करतंय तुका. मगे सामान बांधूया.”

“कुरिअरवाल्यासारखी धावू नकोस. गुडघा बघ.”

“येतंय गो.”

५

आई गेली आणि आकांक्षाचा आनंद ओसरला. उद्या सगळ्या भाडेकरूंसमोर, साहेबांसमोर, हे मॉडेल मोठ्या पडद्यावर दिसणार होतं. कुणीतरी विचारणार, मधली ही लेव्हल कसली? आणि ती काय सांगणार, आईने पुसू नको म्हटलंय? पुरुषभर उंची थोडी थोडी सगळ्या मजल्यांत वाटून टाकली तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. आईला तर नाहीच. आईने बघितलं होतं, शब्द दिला होता, काम झालं होतं.

तिने ती बिननावाची रेघ निवडली आणि डिलीट दाबलं.

सूचना आली. या लेव्हलवर असलेलं सगळं काही तिच्याबरोबर जाईल, अशा अर्थाचं काहीतरी. सूचना लांब होती. तिने बाण ओकेवर नेला.

“गो अक्कू!”

जिन्यातून, चौकातून, दमलेला आवाज आला. “येव काय गो वर?”

दुपार होती, आजूबाजूच्या खोल्यांत सामसूम. आकांक्षाच्या मनात चटकन आलं की आई आत येईल, पडदा बघेल, पुन्हा बहिरी होईल. आधी हे उरकायला हवं.

“थांब गं, एक मिनिट!” ती ओरडली आणि तिने ओके दाबलं. मग सवयीने फाईल ऑफिसच्या मुख्य फाईलमध्ये पाठवून दिली. तिथे एकदा गेलेलं परत फिरत नाही.

मॉडेल एक क्षण थरथरलं आणि नीट बसलं. मजले एकमेकांवर छान टेकले.

“हां, ये आता!”

काहीच आलं नाही.

“आई? ये!”

पावलं वाजली. ती दारात गेली तर जयवंतकाका चढून आले होते, हातात भाजीची पिशवी. ते थोडे खूश दिसत होते. “आज जिना लवकर संपला बघ. दम पण नाय लागला.”

“काका, तुम्ही हाक नाही दिलीत?”

“कसली हाक?”

आकांक्षाने त्यांच्या मागे जिन्याकडे बघितलं. “आई कुठेय?”

“शेवंती? माझ्या पुढेच होती की. डबा घेऊन.” काकांनी मागे वळून पाहिलं. “आली नाय अजून?”

ती धावत खाली गेली. दुसऱ्या मजल्यावरून निघालेला जिना एकदा वळून सरळ तिसऱ्याला टेकत होता. वळणावर पाय मावेल एवढीच फळी होती. चौक नव्हता. कोऱ्या भिंती नव्हत्या. ती खाली गेली, वर आली, भिंतीला हात लावत गेली आणि हाताला सगळीकडे फक्त जुना चुना लागला. पिठाच्या गिरणीवाल्याने सांगितलं, आजी मघाशीच गेली, डबा गरम होता म्हणून पदराने धरला होता.

संध्याकाळी पोलीस आले. ते गेल्यावर आकांक्षाने लेझर काढला आणि बोळातून भिंत मोजली. बाहेरचं माप आणि आतलं माप सुतासारखं जुळत होतं.

६

मीटिंग झाली. साहेबांनी मॉडेल दाखवलं, भाडेकरूंनी माना डोलावल्या आणि पुसून टाकलेल्या लेव्हलबद्दल रघुवीरने एक शब्दही काढला नाही. साहेब म्हणाले, एकदम परफेक्ट. आकांक्षाने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला पहिल्यांदाच कुणाची कीव करण्याइतकीही ताकद उरली नाही असं वाटलं.

ती ठाण्याला गेली नाही. आईच्या खोलीत राहिली आणि तीच रेघ पुन्हा ओढली, त्याच उंचीवर. प्लॅन कोरा आला. तिने तो उघडाच ठेवला. डोळा लागला की तिला खालून हाक आल्यासारखी वाटायची आणि जागी झाली की फक्त पंख्याचा आवाज असायचा. आपण शिकलेल्या आहोत, हे ती स्वतःला सांगत राहिली. त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता.

मग एका सकाळी गोल आले. जुने, जागच्या जागी. लांबट चौकोनही आला. आणि पूर्वी जिथे चौक होता, तिथे पहिल्या पायरीच्या अगदी जवळ, एक नवा गोल होता.

तिने तो मोजला. मग पट्टी घेऊन ओट्यापाशी गेली आणि कडप्प्यावरचा डाग मोजला.

ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसली. लॅपटॉप मांडीवर. “ये,” ती म्हणाली. मग मोठ्याने, “आई, ये!” मग लहानपणी टाकून दिलेली बोली तोंडात आली, “ये गो आये, ये, वर ये.”

जयवंतकाका दारात आले. “कुणाला बोलावतेस, पोरी?”

“आई खाली थांबलीये.”

काकांनी रिकाम्या जिन्याकडे बघितलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

दुपारपर्यंत ती हाका मारत होती. घसा बसला तेव्हा तिने पुन्हा पडद्यावर पाहिलं. डबा तिथेच होता. त्याच्या शेजारी आता दोन लहान लांबट आकार आले होते, एकमेकांना लागून, नीट ठेवलेले. चपला.

गुडघा दुखायला लागला असणार. शेवंती खाली बसली होती.